कॉलेजच्या रँकिंग याद्या: वर्षभर वापरल्यानंतरचा माझा रिव्ह्यू

पाचपैकी स्टार द्यायचे तर एनआयआरएफला, म्हणजे आपल्या सरकारच्या कॉलेजांच्या यादीला तीन, आणि क्यूएसला, म्हणजे जगभरच्या विद्यापीठांच्या यादीला एक. हे स्टार फक्त बारावीनंतरच्या ॲडमिशनपुरते आहेत हं, पीएचडीला किंवा परदेशात मास्टर्सला जाणाऱ्यांचं गणित वेगळं असतं. मी लेकीची आई म्हणून लिहितेय. मागचं अख्खं वर्ष घरात या याद्यांशिवाय दुसरा विषय नव्हता आणि आता यंदाच्या बारावीवाल्यांच्या आया फोन करून तेच प्रश्न विचारतायत, म्हणून एकदाच सगळं लिहून टाकते.

आमची परिस्थिती आधी सांगते म्हणजे पुढचं कळेल. आम्ही पुण्यातले, लेकीला आठवीपासून केमिस्ट्रीचं वेड, मार्क चांगले, जेईई पण दिली, सीईटी पण दिली, आयसर या केंद्र सरकारच्या विज्ञान शिकवणाऱ्या संस्थांची आयएटी ही प्रवेश परीक्षा पण दिली. ह्यांनी जूनमध्ये एनआयआरएफच्या दोन याद्या प्रिंट काढून फ्रिजवर लावल्या, एक इंजिनिअरिंगची, एक ओव्हरऑल, आणि पिवळ्या हायलायटरने रेघा मारल्या, की याच्या वर जे मिळेल ते घ्यायचं आणि खालचं बघायचंच नाही. मलाही तेव्हा ते बरोबरच वाटलं, सरकारी यादी आहे, शिक्षण मंत्रालयाची आहे, २०१६ पासून दरवर्षी येतेय, मग आपण कोण डोकं लावणारे.

पहिली शंका आली ती आयआयटी बॉम्बेवरून. एनआयआरएफच्या इंजिनिअरिंगच्या यादीत आयआयटी मद्रास पहिल्या वर्षापासून एक नंबर, आणि गेली काही वर्षं दिल्ली दोन, बॉम्बे तीन असाच क्रम. आणि जेईई ॲडव्हान्सला देशात पहिली पन्नास येणारी मुलं काय करतात? त्यातली बहुतेक सगळी बॉम्बेचं कॉम्प्युटर सायन्स घेतात, ओपनमधून ती ब्रँच सत्तराव्या रँकच्या आत बंद होते. देशातली सगळ्यात हुशार मुलं, ज्यांना हवं ते कॉलेज मिळू शकतं, ती एक नंबर सोडून तीन नंबरला जातात. ती चुकतायत असं म्हणायची आपली छाती आहे का? ती पवईला जातात कारण मागच्या वर्षीचे टॉपर तिथं गेले, सीनियर तिथं आहेत, कंपन्या तिथं येतात, आणि शेजारी बसणारा मुलगा आपल्यापेक्षा हुशार असेल याची खात्री असते. यातलं काहीच फ्रिजवरच्या कागदात नव्हतं.

मग मी रात्री जेवणं आटोपली की एकेक यादी उघडून हे नंबर काढतात कसे ते वाचायला लागले. क्यूएसचं बघा. आयआयटी बॉम्बे २०२३ च्या यादीत १७२, मग १४९, मग ११८, आणि २०२६ च्या यादीत १२९. आयआयटी मद्रास एका वर्षात २२७ वरून १८० वर. आता मला सांगा, एका वर्षात कॉलेज एवढं बदलतं का? तेच प्रोफेसर, तीच हॉस्टेलं, तीच लॅब, आणि ४७ जागा वर? बदलतं ते मोजमाप आणि बाकीच्या जगाचे मार्क. क्यूएसमध्ये ३० टक्के मार्क जगभरच्या प्राध्यापकांना विचारून येतात की तुमच्या मते चांगली विद्यापीठं कोणती, अजून १५ टक्के कंपन्यांना विचारून, २० टक्के रिसर्च पेपरना दुसरे लोक किती दाखले देतात त्यावर. परदेशी विद्यार्थी किती आणि परदेशी शिक्षक किती यालाही मार्क आहेत, आणि आपल्या आयआयटीत बीटेकला बाहेरची मुलं जवळजवळ नसतात त्यामुळे तिथं मार जातो. माझ्या लेकीच्या वर्गात जर्मनीचा मुलगा नसला म्हणून तिचं ऑरगॅनिक केमिस्ट्री कच्चं राहणार आहे का? आणि गंमत बघा, एनआयआरएफमध्ये मद्रास एक नंबर तर क्यूएसच्या २०२६ च्या यादीत दिल्ली १२३, बॉम्बे १२९ आणि मद्रास त्यांच्या मागे १८०. दोन्ही याद्या एकाच कॉलेजांबद्दल आहेत!

तिसऱ्या यादीचं तर वेगळंच. आमच्या सोसायटीच्या ग्रुपवर एका काकांनी टाइम्स हायर एज्युकेशनची यादी टाकली आणि खाली लिहिलं की बघा, आयआयटी बॉम्बेचं नावच नाही, एवढी घसरण झाली. घसरण वगैरे काही नाही हो, २०२० मध्ये जुन्या सात आयआयटींनी मिळून ठरवलं की या यादीत आम्ही भाग घेत नाही, मार्क कसे देता ते नीट कळत नाही म्हणून. बॉम्बे, दिल्ली, मद्रास, कानपूर, खरगपूर, रुरकी, गुवाहाटी. म्हणजे नाव नसणं हा निकाल नाहीच, पण ग्रुपवर ते वाचून दोन मुलींच्या आयांनी मला खरंच काळजीने विचारलं.

एनआयआरएफ त्या मानाने बरीच सरळ आहे. पाच भाग, शिकवणं आणि साधनं ३० टक्के, रिसर्च ३०, पास होऊन मुलं कुठं जातात ते २०, मुली, बाहेरच्या राज्यातली आणि गरीब घरातली मुलं किती हे १०, आणि लोकांचं मत १०. ऐकायला छान. पण तो शिकवण्याचा भाग उघडून बघितला तर आत काय? विद्यार्थी किती, त्यात पीएचडीचे किती, शिक्षकामागे मुलं किती, शिक्षकांकडे पीएचडी आहे का आणि अनुभव किती, खर्च किती केला. वर्गात उभं राहून कोण कसं शिकवतं याचा एक मार्क नाही. मुलांना कुणी विचारलेलं नाही. हे मोजणं अवघड आहे हे मान्य, पण मग मथळ्यात टीचिंग लिहिलंय म्हणून आपण समजून चालायचं नाही की तिथं चांगलं शिकवतात.

आणि आकडे देतं कोण, तर कॉलेजच देतं. यावर लोक म्हणतात की आपल्याकडे असंच चालतं, परदेशात असं नसतं. बाबासाहेब आंबेडकर १९१३ साली जिथं शिकायला गेले त्या न्यूयॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठाचं ऐका. अमेरिकेतल्या यूएस न्यूजच्या यादीत ते दोन नंबरला होतं. २०२२ मध्ये तिथल्याच एका गणिताच्या प्रोफेसरने, मायकल थॅडियस त्यांचं नाव, स्वतः बसून हिशेब केला आणि दाखवून दिलं की विद्यापीठाने पाठवलेले आकडे जुळत नाहीत. विद्यापीठाने कळवलं होतं की ८२.५ टक्के वर्गांत २० पेक्षा कमी मुलं असतात, त्यांच्या हिशेबात ते पासष्ट टक्क्यांच्या आसपास आलं. त्याच वर्षी कोलंबिया दोनवरून अठरावर आलं आणि पुढच्या वर्षी त्यांनी या यादीला माहिती देणंच बंद केलं. दोन नंबर असताना आणि अठरा नंबर असताना वर्गात शिकवणारे सर तेच होते. त्या प्रोफेसरांबद्दल मला फार आदर वाटतो, स्वतःच्या संस्थेबद्दल खरं बोलायला हिंमत लागते.

एवढं सगळं बोलून मी एनआयआरएफला तीन स्टार कसे दिले, तर ते नंबरासाठी नाहीत, त्या पीडीएफसाठी आहेत. हे फार कमी लोकांना माहितीये आणि मला वाटतं या पूर्ण पोस्टमधली सगळ्यात कामाची गोष्ट हीच आहे. एनआयआरएफला बसणाऱ्या प्रत्येक कॉलेजला आपण भरलेली माहिती स्वतःच्या वेबसाइटवर ठेवावी लागते. कॉलेजचं नाव आणि पुढे एनआयआरएफ असं सर्च करा, बहुतेक वेळा सापडते. त्यात प्लेसमेंट आणि हायर स्टडीजचा एक तक्ता असतो, पहिल्या वर्षाला जागा किती होत्या, ॲडमिशन किती झाल्या, त्यातले ठरलेल्या वेळेत किती पास झाले, नोकरी किती जणांना लागली, मधला पगार किती, आणि पुढे शिकायला किती गेले. मधला पगार म्हणजे सगळ्या मुलांना पगाराप्रमाणे रांगेत उभं केलं तर बरोबर मधल्याला किती मिळतात तो. हायवेच्या होर्डिंगवर हायेस्ट पॅकेज लिहितात ते एका मुलाचं असतं. तुमचं लेकरू मधल्या मुलाच्या जवळपास असण्याची शक्यता जास्त, त्यामुळे मधला आकडा बघा.

एका कॉलेजचं उदाहरण देते, नाव घेत नाही. पेपरात पहिल्या पानभर जाहिरात, आमच्या नात्यातले दोघं तिथं जायला अगदी तयार. मी पीडीएफ उघडली तर जेवढी मुलं पहिल्या वर्षाला घेतली त्यातली निम्मीच ठरलेल्या वेळेत पास झालेली. मग ज्यांना नोकरी लागली ते या निम्म्यातले. जाहिरातीतला टक्का कशाचा टक्का होता ते तेव्हा कळलं. त्याच पीडीएफमध्ये लॅबच्या उपकरणांवर किती खर्च केला, लायब्ररीवर किती, तेही तीन वर्षांचं असतं. मुलीला सायन्स करायचंय तर मी तेच आधी बघितलं.

पण खरं कळलं ते कॉलेजं फिरून. ओपन डेला जावंच, २८ फेब्रुवारीला विज्ञान दिनाच्या आसपास बऱ्याच संस्था दारं उघडतात, बेंगळुरूच्या आयआयएससीचा (इंडियन इन्स्टिट्यूट ऑफ सायन्स) पण ओपन डे असतो, पण त्या दिवशी सगळं सजवलेलं असतं. तुम्ही साध्या मंगळवारी जा, अकरा वाजता, आणि पहिल्या-दुसऱ्या वर्षाच्या मुलांना गाठून बोला. आम्ही एका मोठ्या नावाच्या ठिकाणी गेलो होतो, फ्रिजवरच्या यादीत चांगलं वर होतं ते. तिसऱ्या वर्षाचा एक मुलगा आनंदाने फिरवून दाखवत होता. एका लॅबमध्ये मोठं यंत्र होतं, त्यावर प्लॅस्टिकचं कव्हर, कव्हरवर बोट फिरवलं असतं तर नाव लिहिता आलं असतं एवढी धूळ. लेकीने विचारलं, दादा हे तुम्ही वापरता का? तो म्हणाला नाही नाही, हे रिसर्चवाल्यांचं आहे, आम्हाला काचेतून दाखवतात. ती गप्प झाली. बाहेर आल्यावर मला म्हणाली, आई, या यंत्राचे मार्क यादीत धरले असतील ना?

तिचा प्रश्न मला आजपर्यंत विसरता आलेला नाही, कारण उत्तर होय असंच आहे. संस्था श्रीमंत असणं आणि ती श्रीमंती अठरा वर्षांच्या पोरांपर्यंत पोचणं यात अंतर असतं आणि रँक फक्त पहिली गोष्ट सांगतो.

आयआयएससीचंच घ्या. १९०९ ची संस्था, एनआयआरएफमध्ये विद्यापीठांत पहिल्यापासून एक नंबर, रिसर्चमध्ये तर प्रश्नच नाही. पण बारावीनंतर तिथं चार वर्षांच्या डिग्रीला जाता यायला लागलं ते २०११ पासून. त्यामुळे तो एक नंबर मुख्यतः तिथल्या पीएचडीवाल्यांनी आणि शास्त्रज्ञांनी मिळवलेला आहे. म्हणून तो कोर्स वाईट असं अजिबात नाही, उलट मला तो फार आवडला, पहिली तीन सेमिस्टर सगळ्यांना फिजिक्स, केमिस्ट्री, बायो, मॅथ्स सगळं शिकावं लागतं आणि मग मुख्य विषय निवडायचा, बॅच लहान, आणि रिसर्च करणारे लोक अवतीभवती. पण हे मला कोर्सची माहिती वाचून आणि तिथल्या एका मुलीशी फोनवर बोलून कळलं.

पाषाणच्या आयसरला आम्ही मंगळवारीच गेलो. २००६ ची संस्था, शेजारी एनसीएल ही राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळा. इंजिनिअरिंगच्या यादीत ती असायचा प्रश्नच नाही कारण ते इंजिनिअरिंग कॉलेज नाही, आणि ओव्हरऑलमध्ये मोठ्या आयआयटींच्या बरीच खाली, म्हणजे पिवळ्या रेघेच्या खाली. तिथं दुसऱ्या वर्षाची एक मुलगी भेटली, साताऱ्याकडची, लेकीशी पाच मिनिटांत गट्टी. तिने आपली लॅबची वही दाखवली. टायट्रेशनचं, म्हणजे ब्युरेट या खुणांच्या काचेच्या नळीतून थेंब थेंब सोडून मोजायचं, रीडिंग तिने तीन दशांशापर्यंत लिहिलेलं, १२.४५७ असं काहीतरी, आणि त्याला लाल गोल करून मॅडमनी समासात लिहिलेलं, ब्युरेटवर एवढं दिसतं का? बस्स, एवढंच. माझी लेक दोन वर्षं क्लासला जाऊन आलेली, तिचं प्रॅक्टिकल बोर्डाच्या आधी पंधरा दिवसांत उरकलेलं, ब्युरेट तिने मोजून चार वेळा हातात धरलं असेल. ती त्या वहीकडे बघतच राहिली. कुणीतरी आपली वही एवढी बारकाईने वाचतंय ही गोष्ट तिच्यासाठी नवीन होती. पाचव्या वर्षी पूर्ण वर्षभर स्वतःचा प्रोजेक्ट असतो हेही तिथंच कळलं.

माटुंग्याची आयसीटी, म्हणजे केमिकल टेक्नॉलॉजीची संस्था, मला स्वतःला फार आवडली होती हे प्रामाणिकपणे सांगते. १९३३ पासूनची, जुने लोक अजून यूडीसीटी म्हणतात, आणि रंग, औषधं, तेलं, पॉलिमर, फूड अशा प्रत्येक उद्योगात तिथले लोक बसलेत, कितीतरी जणांनी स्वतःचे कारखाने काढलेत. मुकेश अंबानी तिथलेच. क्यूएससारख्या यादीत अशी लहान, एकाच विषयात मुरलेली संस्था मोठ्या विद्यापीठांपुढे मागेच पडणार, कारण तिथं इतिहासही नाही, मॅनेजमेंटही नाही. पण गुजरातच्या केमिकल कारखान्यांच्या वापी-अंकलेश्वरपट्ट्यात जाऊन विचारा आयसीटीचा रँक काय ते. पुण्याच्या सीओईपीचंही तसंच, १८५४ चं इंजिनिअरिंग कॉलेज, विश्वेश्वरय्या तिथं शिकले, हल्ली एनआयआरएफमध्ये पहिल्या पन्नासातही नसतं, आणि तरी कॉम्प्युटरला ओपनचा सीईटी कट-ऑफ ९९.९ पर्सेंटाइलच्या घरात. रँक खाली जातोय म्हणून पोरं यायची थांबली नाहीत, कारण पुण्यातल्या प्रत्येक कंपनीत कुणीतरी सीओईपीचं आहे हे त्यांना दिसतं.

मग प्रश्न आला केमिस्ट्री की केमिकल इंजिनिअरिंग. नातेवाईकांपैकी निम्म्यांना वाटतं हे एकच आहे. नाहीये. केमिकल इंजिनिअरिंगमध्ये केमिस्ट्री थोडी आणि पाइप, पंप, उष्णता, गणितच जास्त, एक किलोचं काम दहा टनावर कसं न्यायचं ते शास्त्र. रेणू कसा बनतो याचं वेड असलेल्या मुलीला चांगल्या रँकच्या कॉलेजात केमिकलला टाकलं तर ती शिकेल, पास होईल, पण चार वर्षं भलत्याच खोलीत बसल्यासारखी बसेल. हे मी माझ्या भाच्याचं बघितलंय, मोठं नाव मिळालं म्हणून नको असलेली ब्रँच घेतली, दुसऱ्या वर्षापासून त्याने वर्गात जाणं कमी केलं आणि सगळा वेळ कोडिंग. नोकरी चांगली लागली, तो सुखात आहे, पण घरी आला की म्हणतो, मावशी, चार वर्षांत मला एक विषय मनापासून आवडला नाही. त्याच्या आईला हे ऐकून अजून डोळ्यात पाणी येतं.

नावाला किंमत नसते असं मी म्हणणार नाही. घरात कुणी इंजिनिअर नाही, ओळखीपाळखी नाहीत, गावातून आलेलं पोर आहे, त्याच्यासाठी आयआयटीचा शिक्का दार उघडतो, आणि फीचं बघितलं तर ओपनला ट्यूशन सेमिस्टरला एक लाख असली तरी एससी, एसटी आणि दिव्यांग मुलांना पूर्ण माफ, कुणाच्याही घरचं उत्पन्न वर्षाला एक लाखाच्या आत असेल तर पूर्ण माफ आणि पाच लाखांच्या आत असेल तर दोन तृतीयांश माफ. असं पोर मला विचारेल तर मी डोळे झाकून सांगेन जा. आपल्या राज्यात पण २०२४ पासून आठ लाखांच्या आत उत्पन्न असलेल्या ईडब्ल्यूएस, एसईबीसी आणि ओबीसी मुलींना प्रोफेशनल कोर्सेसची फी माफ झालीय, त्यामुळे मुलगी आहे, फी परवडत नाही म्हणून जवळचं साधं कॉलेज घेतो असं कुणी म्हणत असेल तर त्यांना आधी ही माहिती द्या.

आणि हजारो कॉलेजं असलेल्या देशात यादी लागतेच, तेही मान्य. ज्यांचं नाव कधी ऐकलं नाही अशा कॉलेजची फसवाफसवी ओळखायला एनआयआरएफ उपयोगाची आहे. पहिल्या शंभरातलं आणि यादीत कुठंच नसलेलं यात फरक असतो. तिसरं आणि सातवं यात मात्र तुमच्या मुलाच्या दृष्टीने फरक असेलच असं नाही, आणि तिथंच आपण रात्र-रात्र भांडतो.

आमच्याकडे शेवटचं भांडण ऑप्शनवरून झालं. आयएटीतून पुण्याचं आयसर मिळत होतं आणि जेईईतून एका दूरच्या मोठ्या नावाच्या संस्थेत केमिकलही नाही, तिसरीच ब्रँच. ह्यांचं म्हणणं, नाव आयुष्यभर लागतं. ते चुकीचं बोलत नव्हते, त्यांनी स्वतः डिप्लोमा करून तीस वर्षं काम केलं, नाव नसल्यामुळे कुठं कुठं थांबावं लागलं ते त्यांनी भोगलंय. मी काहीच बोलले नाही. लेकीने फक्त त्या वहीची गोष्ट सांगितली, लाल गोलाची. हे बराच वेळ गप्प बसले, मग म्हणाले, आमच्या वर्कशॉपला एक सर होते, मायक्रोमीटरचं रीडिंग चुकलं की अख्खा जॉब परत करायला लावायचे. आणि उठून झोपायला गेले. सकाळी बघितलं तर फ्रिजवरचे दोन्ही कागद काढलेले होते आणि फी भरायची शेवटची तारीख कॅलेंडरवर त्यांच्या अक्षरात लिहिलेली होती.

आता ती दुसऱ्या सेमिस्टरला आहे. सगळं गुलाबी नाहीये, गणित जड जातंय, पहिल्या परीक्षेत मार्क बघून रडली होती, मेसच्या जेवणाला कंटाळून शनिवारी घरी पळून येते. पण आली की डब्यातला वरणभात खाता खाता एक तास नुसती लॅबमधलं बोलत असते. यंदा माझ्या जाऊबाईंच्या मुलाची बारावी आहे, त्याला मेकॅनिकल हवंय. त्यांच्याकडे फ्रिजवर यादी लागलीय. पुढच्या मंगळवारी रजा टाकलीय मी, आम्ही तिघं वर्कशॉप बघायला जाणार आहोत, सहा कॉलेजच्या पीडीएफ काढून ठेवल्यात.